एक चूल, एक गणपती

आमच्या ह्यांना कुणी सहज विचारलं, "गोविंदराव, तुम्ही कुठले?" तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की विचारणाऱ्याचा चहा संपायचा. अहो, म्हणावं ना ग्वाल्हेरचा आणि मोकळं व्हावं! पण नाही. "मतलब, आत्ताचं विचारताय की जन्माचं?" इथून सुरुवात. मी आतूनच म्हणायची, दाना ओली गल्लीतले म्हणून सांगा हो, त्यांना काय खानेसुमारी करायचीय!

खरं सांगायचं तर सगळा दोष त्यांचा नव्हता. आमचं घराणं पूजाअर्चेचं. मोठे दीर, गोपाळकृष्ण भाऊजी, दरबारच्या देवळात पुजारी. हे धाकटे, रियासतीच्या कोठारात कारकून. रियासत विलीन होऊन मध्यभारत झाला तेव्हा देवळातली पूजा तीच राहिली, फक्त पगार देणारं खातं बदललं. कोठाराचं मात्र काय झालं ते कुणालाच कळेना. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. एक साहेब ह्यांना म्हणाला इंदूरला जा, दुसरा म्हणाला थांबा, तिसऱ्यानं विचारलं, आपण कोण? हे रोज डबा घेऊन निघायचे, कुलूप लागलेल्या कोठाराच्या पायरीवर बसून तो खायचे आणि घरी यायचे. शेवटी नया बाजारातल्या एका गुजराती कापडवाल्याच्या ओळखीनं मोंबासाच्या बंदरावर काम मिळालं. ज्या माणसाला इंदूरला जायचं की नाही ते ठरवता येईना, तो समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेला! वर्षानं मीही गेले.

मोंबासा म्हणजे काय, तर घाम. आमच्या ग्वाल्हेरची लू परवडली, अंग भाजतं पण कपडे कोरडे राहतात. तिथं मीठ बरणीत दगड होऊन बसायचं, पापड तळायच्या आधीच मऊ. संक्रांतीला घामाच्या धारा आणि आषाढात जरा बरं वाटायचं, म्हणजे ऋतूसुद्धा उलटे. जुन्या शहरातल्या एका गल्लीत माडीवर दोन खोल्या होत्या. खाली घरमालकीण, बी आइशा. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातली फोडणी आमच्याकडे शिंकायला लावायची. मला त्या गल्लीत दाना ओलीसारखंच वाटायचं, फक्त कोपऱ्यावर वळलं की एकदम समुद्र.

हे सकाळी पांढरी अर्धी चड्डी घालून सायकलवर बंदरावर जायचे. पुजाऱ्याच्या घरातला माणूस अर्ध्या चड्डीत! पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. तिथं कॉफीची पोती आणि वाखाचे गठ्ठे बोटीवर चढताना मोजायचे, एवढंच काम. हमाल ह्यांना ब्वाना करानी म्हणायचे, म्हणजे कारकूनसाहेब. त्यांच्याकडून हे एक शब्द शिकले, बादो. म्हणजे अजून नाही. हा शब्द ह्यांच्यासाठीच जन्माला आला होता. जेवलात का? बादो. पगारवाढीचं विचारलंत? बादो. घरी कधी जायचं ठरवलंत? बादो, बादो. दर काही महिन्यांनी साहेब कुठला तरी कागद भरून घ्यायचा. मूळ राज्य विचारलं की हे सवयीनं ग्वाल्हेर रियासत सांगायचे, तो म्हणायचा, असं राज्य आता नाही. हे घरी येऊन विचारात पडायचे. "लीला, मी तर तिथून सरळ आलो. मग ते गेलं कुठं?" मी म्हणायची, भात गार होतोय.

एका गोष्टीची मात्र ह्यांना पक्की खात्री होती. चार पैसे गाठीला बांधायचे, परत जायचं आणि दाना ओलीच्या घरात भाऊजींच्या शेजारी पाटावर बसायचं. बाकी जग इकडचं तिकडे झालं तरी तो पाट तिथंच असणार, असं धरून चालले होते.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही. एक चूल, एक गणपती. भाऊ कितीही असोत, कुठंही राहोत, चतुर्थीला मूर्ती एकच बसणार, थोरल्याच्या हातून. धाकट्यानं आपली वेगळी मूर्ती बसवली, तर त्याचा अर्थ एकच, तो वेगळा निघाला. वाटणीचा कागद नाही केला तरी चालेल. गणपती वेगळा बसला की चूल वेगळी झाली. चुलतसासरे असेच वेगळे झाले होते, एक शब्द न बोलता, एका मूर्तीनं.

तर मोंबासाला आमच्या ग्वाल्हेरच्याच, खासगी बाजार मोहल्ल्यातले संभाजीराव भेटले. शिपाईगिरी केलेलं मराठा घराणं, आणि संभाजीराव स्वतः मोंबासातल्या एका कारखान्यात मिस्तरी. आणखी चार-पाच मराठी घरं होती. एका वर्षी संभाजीरावांनी तांबड्या मातीची मूर्ती स्वतः वळली आणि सरळ आमच्या माडीवर आणून ठेवली. म्हणाले, पूजा सांगणारे तुम्ही एकटेच, तर गणपती तुमच्याकडेच बसणार. ह्यांचा चेहरा पडला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. देव दारात आलेला, नाही म्हणवेना. दोन दिवस विचार करून ह्यांनी तोड काढली. यजमान संभाजीराव, संकल्प त्यांच्या नावाचा. जागा फक्त आपली, आपण नुसते भटजी.

पूजेला बसले आणि संकल्पातच गाडं अडलं. संकल्पात आपण कुठं बसलोय ते सांगावं लागतं ना! ग्वाल्हेरला आम्ही नर्मदेच्या उत्तर तीरावर. मोंबासा कुठल्या तीरावर? संभाजीराव तळहातावर पाणी घेऊन बसलेले, आणि हे डोळे मिटून नर्मदा शोधतायत. पाणी गळून गेलं. दुसरं घेतलं, तेही गेलं. संभाजीराव हळूच म्हणाले, "पंडितजी, देव इथं आलाय, मतलब त्याला पत्ता माहीत असेल." तेव्हा कुठं हे "समुद्रतीरे" म्हणाले आणि गाडं पुढं सरकलं.

विसर्जनाचीही तीच तऱ्हा. आम्ही तलावात बुडवणारी माणसं, तलावाला भरती-ओहोटी कुठली! संध्याकाळी मूर्ती पाण्यात सोडून आलो आणि सकाळी बी आइशा सांगत आली, तुमचे देव वाळूत बसलेत. धावत गेलो. पाणी पार लांब गेलेलं आणि गजानन अर्धे विरघळून किनाऱ्यावर. हे बिचारे पुन्हा कमरेएवढ्या पाण्यात शिरले. मला हसावं की रडावं कळेना.

पुढच्या वर्षी संभाजीराव रजेवर ग्वाल्हेरला गेलेले, आणि चतुर्थी आली. आता काय? एकदा बसवलेला गणपती मध्येच बंद करायचा नाही, खंड पाडणं वाईट. यजमान तर इथं नाही. बाकीच्यांनी कानावर हात ठेवले, आम्हाला सोवळं-ओवळं जमायचं नाही म्हणाले. हे रात्रभर कुशी बदलत राहिले. सकाळी आंघोळ करून बसले आणि संकल्प सोडला तो स्वतःच्या नावानं. मी ऐकलं. मला वाटलं, इतक्या लांबचं पाणी दाना ओलीपर्यंत थोडंच जातंय.

पण गेलं! संभाजीराव परत आले ते खुशीत. म्हणाले, तुमच्या थोरल्या भावांना मुद्दाम भेटून आलो. गोविंदराव आता दरवर्षी गणपती बसवतात, सगळी मराठी माणसं गोळा होतात, असं अगदी रंगवून सांगितलं. ह्यांनी विचारलं, दादा काय म्हणाले? संभाजीराव म्हणाले, काही नाही, चहा पाजला. ह्यांनी त्या चहाचा अर्थ लावण्यात महिना घालवला. रागावले असते तर चहा दिला नसता, हो ना लीला? की रागावले म्हणून नुसताच चहा दिला? भाऊजींच्या पत्रांत पूर्वीसारखीच खुशाली यायची, ह्या विषयावर अक्षर नाही. मग ह्यांनी ठरवून टाकलं की दादांना कळलं असणार, परदेशातली अडचण आहे. आणि दरवर्षी गणपती बसत राहिला.

तेवढ्यात मध्यभारतही संपला आणि मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. साहेबानं पुन्हा कागद भरून घेतला. त्या दिवशी हे बंदरावरून आले, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाले, आता पुरे, जाऊया. पहिल्यांदाच ह्यांच्या तोंडून बादो आलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दाना ओलीत पोचलो तेव्हा गणपती चार दिवसांवर आले होते. भाऊजी स्टेशनवर आले होते. ह्यांनी पाया पडायला वाकावं तर त्यांनी मिठीच मारली. दोघंही रडले, मीही रडले. जाऊबाई राजलक्ष्मी, तोंडानं फटकळ पण मनानं लोणी, त्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळं कसं छान! मग आमच्या वरच्या खोलीत गेले आणि बघते तर काय! कोपऱ्यात नवी चूल. नुकती सारवलेली. शेजारी डाळ, तांदूळ, कणीक, तेल, सगळं मांडून ठेवलेलं. जाऊबाई पाठीमागून म्हणाल्या, लागेल ते मागून घे हो, संकोच करू नकोस. आणि डोळ्यांना पदर लावून खाली गेल्या.

हे म्हणाले, किती काळजी घेतात बघ, प्रवासातून आलोय म्हणून वर सोय केली. मी कपाळाला हात लावला. भोळेपणालाही काही सुमार असतो! तीन दिवस हे वर जेवले आणि रोज म्हणत राहिले, उद्या खाली बोलावतील.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी वर आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि विचारलं, मूर्ती कुठून आणणार आहेस? सकाळी गर्दी होते, आजच सांगून ठेव. ह्यांना काही समजेचना. मूर्ती तर तू आणतोस, म्हणाले. मग भाऊजी आत येऊन बसले आणि सगळं उलगडलं. ह्यांनी संभाजीरावांचं सांगितलं, मातीचं सांगितलं, नर्मदेचंही सांगितलं. भाऊजी ऐकून घेत होते.

"पहिल्या वर्षी संकल्प त्यांच्या नावानं सोडलास. दुसऱ्या वर्षी?"

"माझ्या. खंड पडू नये म्हणून, दादा."

"मग आता तरी खंड कसा पाडायचा?"

मला राहवेना. दाराआडून बोलायची रीत, मी समोर येऊन बोलले. म्हटलं, भाऊजी, एवढं मनात होतं तर एका ओळीनं विचारायचं होतं. हो नाही तर नाही, आम्ही काय ते सांगितलं असतं. एवढी वर्षं तुम्ही गप्प, आम्ही गप्प, आणि इथं चूल बांधून मोकळे!

भाऊजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "लीला, देवळाचं खातं चार वेळा बदललं. मला कधी कुणी विचारलं नाही, नुसतं कळवलं. मला वाटलं, घराचंही तसंच झालं असेल. आपल्याला फक्त कळवायचं राहिलंय."

हे भिंतीकडे बघत बसले होते. भाऊजींनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली गेले. जाताना म्हणाले, मूर्तीचं मी सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी त्या घरात दोन गणपती बसले, एक खाली, एक वर. मी म्हणत होते सोडून द्या, देव काही कोर्टात जात नाही. पण खंड पाडायची ह्यांचीही छाती होईना आणि भाऊजींचीही. खालची आरती आधी झाली. आम्ही जिन्यात उभं राहून ऐकली. खाली उतरावं की नाही तेच ह्यांना कळेना, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. मग वर येऊन आम्ही दोघांनी आमची आरती म्हटली. दोनच आवाज. मोंबासाला दहा तरी असायचे.

आरती संपली आणि जिन्यात पावलं वाजली. भाऊजी आणि जाऊबाई आले. भाऊजींच्या हातात नारळ. अहो, घरच्या गणपतीला कुणी नारळ हातात घेऊन येतं का? नारळ घेऊन येतो तो पाहुणा. मी जाऊबाईंना कुंकू लावलं. भाऊजींनी नारळ मूर्तीपुढं ठेवला, नमस्कार केला, मी टाकलेल्या सतरंजीवर बसले. प्रसाद घेतला. आणि आपण चार घरी दर्शनाला गेलो की काही तरी बोलायचं म्हणून जे विचारतो, तेच त्यांनी सख्ख्या भावाला, बापजाद्यांच्या त्याच घरात विचारलं.

"किती दिवसांचा असतो तुमच्याकडे?"

मोंबासाला सुट्टी मिळेल तसं चालायचं, कधी दीड दिवस, कधी तीन. एक नेम असा नव्हताच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भाऊजींकडे पाहिलं.

"खाली असेल तेवढेच दिवस," हे म्हणाले.

भाऊजींचा प्रसादाचा हात तसाच राहिला. जाऊबाई चला म्हणून उठल्या, पण भाऊजी पाहुण्यासारखे उठले नाहीत.