गुरुनाथ उमाठेने इन्स्टॉल केलेलं पॅकेज

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या ज्या कंपनीत गुरुनाथ उमाठे सात वर्षं नोकरी करत होता, तिथे कॉम्प्युटरवर काय करायचं नाही याची यादी चोवीस पानांची होती. काय करायचं, ते दीड पानात आटोपलं होतं.

औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासणारी कंपनी ती. पेशंटांची सगळी माहिती एका मोठ्या सर्व्हरवर, आणि तिथून ती बाहेर न्यायला सक्त मनाई. त्या सर्व्हरवर कुणी परस्पर नवा प्रोग्रॅम घडवू नये म्हणून ऑडिटवाल्यांनी कंपायलरच काढून टाकलेला. माणसाने लिहिलेला मजकूर मशीनच्या भाषेत उतरवून देणारा तो कंपायलर. तो नसला की जे तयार आहे त्यावर भागवायचं, नाहीतर गप्प बसायचं. गुरुनाथला दोन्हींची चांगली सवय झाली होती.

तो नागपूरचा, स्टॅटिस्टिक्सचा एमएस्सी, विद्यापीठात दुसरा आलेला. पण नव्याण्णव साली व्हिसा मिळाला तो प्रोग्रॅमरचा, म्हणून प्रोग्रॅमर. आकडे काय सांगतात हे ठरवणारे ते स्टॅटिस्टिशियन, आणि आकडे झाडूनपुसून त्यांच्यापुढे मांडणारा तो प्रोग्रॅमर. मीटिंगमध्ये ते टेबलाभोवती बसत आणि गुरुनाथ भिंतीकडच्या खुर्चीत. कधीकधी ते टेबलावरून धडधडीत चुकीचं बोलत. अशा वेळी गुरुनाथ वहीत बरोबर उत्तर लिहायचा आणि वही मिटून घ्यायचा.

२००६च्या सप्टेंबरात एका चाचणीचे आकडे आले आणि टेबलाभोवतीच्या मंडळींचं डोकं चालेना. चौदाशे पेशंटांपैकी निम्मे मधेच औषध सोडून निघून गेलेले. त्यांचे राहिलेले आकडे अंदाजाने भरायची एक चांगली पद्धत युरोपातल्या एका प्राध्यापकाने ‘आर’ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरसाठी पॅकेज करून ठेवली होती. आर सर्व्हरवर होतंच. पॅकेज नुसतं आरच्या भाषेत लिहिलेलं असतं, तर कंपायलरशिवायही बसलं असतं. पण त्यातली एकच फाइल, तीनशे चाळीस ओळींची, फोर्ट्रान या जुन्या भाषेत होती आणि तिला कंपायलर लागणारच होता. आयटीला विचारलं, तर त्यांनी चोवीस पानांतलं सतरावं पान पाठवून दिलं.

गुरुनाथचा बॉस डेनिस, सज्जन माणूस. तो म्हणाला, पद्धत सोडून देऊ, जुन्या पद्धतीने करू. त्यावर गुरुनाथ भिंतीकडच्या खुर्चीतून म्हणाला की मला तीन आठवडे द्या. सात वर्षांत त्याने मीटिंगमध्ये आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य असावं.

फोर्ट्रान तो नागपुरात पंचकार्डांवर शिकला होता. त्या तीनशे चाळीस ओळी त्याने एकेक करून समजून घेतल्या आणि आरच्या भाषेत नव्याने लिहिल्या. पॅकेज विनातक्रार बसलं. उत्तरंही प्राध्यापकाच्या उदाहरणांशी सहाव्या दशांश स्थळापर्यंत जुळली. फक्त एकेका हिशेबाला एकोणीस तास लागत होते आणि असे हिशेब शंभर करायचे होते.

पुढचे चार दिवस तो घरात असून नसल्यासारखा होता. त्याच आठवड्यात गावातल्या मराठी मंडळाच्या जेवणाची यादी त्याच्याकडे होती आणि ती करताना तो दर घराचा स्वयंपाक वेगळा मांडत नव्हता, कांदा-लसूणवाले इतके, बिनकांद्याचे इतके, मुलं इतकी, अशी गटवारी करत होता. तिथेच त्याला दिसलं. पेशंट चौदाशे असले तरी निघून जाण्याच्या तऱ्हा अकराच होत्या. पहिल्या भेटीनंतर गेलेले, दुसरीनंतर गेलेले, असे. अवघड गणित दर पेशंटाला कशाला, दर तऱ्हेला एकदाच करायचं. एकोणीस तासांची वीस मिनिटं झाली. खुद्द प्राध्यापकाला हे सुचलं नव्हतं. गुरुनाथ कँटीनमध्ये एकटाच बसून हसला, आणि तो आनंद इतका निखळ होता की त्याला नागपूरचा बावीस वर्षांचा गुरुनाथ आठवला.

डिसेंबरात अप्रेझलचा फॉर्म आला. वर्षभरात काय केलं ते स्वतःच स्वतःबद्दल लिहायचं, हा इथला रिवाज गुरुनाथला कधी जमलाच नाही. दरवर्षी तो ‘टीमने केलं’ असं लिहून मोकळा व्हायचा. यंदा बायकोने, रेणूने, फॉर्म स्वतःपुढे ओढला. या देशात जो मी म्हणत नाही त्याला कोणी विचारत नाही, असं तिचं म्हणणं. ती स्वतः नागपुरात कॉलेजात शिकवायची आणि इथे नवऱ्यामागून मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर नोकरीची परवानगी नाही म्हणून सात वर्षं घरात बसून होती, त्यामुळे तिच्या बोलण्याला धार होती. तिने शेजारी बसून त्याच्याकडून सात ओळी लिहून घेतल्या. सातही ओळी ‘मी’ने सुरू होत होत्या. पाठवताना गुरुनाथचे कान लाल झाले होते.

आणि ते लागूही पडलं. डेनिसने ते वाचून वर शिफारस केली की जानेवारीपासून या माणसाला स्टॅटिस्टिशियन करा. वरून ती एचआरकडे गेली, एचआरकडून कंपनीच्या वकीलबाईंकडे, आणि एके सकाळी गुरुनाथला फोनवर बोलावलं गेलं.

वकीलबाई शांतपणे बोलल्या. ग्रीन कार्डची फाइल प्रोग्रॅमरच्या कामावर लावलेली आहे. काम बदललं तर फाइल बदलते, म्हणजे ही बंद आणि नवी पहिल्यापासून. गुरुनाथने विचारलं, नवीला किती वर्षं. त्या म्हणाल्या, सहा, कदाचित आठ. अप्रेझलमध्ये काय लिहावं हे मात्र मी सांगू शकत नाही, असं म्हणून त्यांनी फाइलमध्ये लिहिलेली कामं वाचून दाखवली: सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणे, चालू ठेवणे, मदत करणे. फॉर्म शुक्रवारपर्यंत उघडा आहे, एवढं सांगून फोन ठेवला.

त्यांची मुलगी नेत्रा सोळा वर्षांची होती. एकवीस पुरी व्हायच्या आत कार्ड हातात आलं नाही तर ती आईवडिलांच्या फाइलमधून बाहेर पडणार होती. नऊ वर्षांची आलेली, नागपूर तिला आता फोनवरच्या आवाजांपुरतं उरलेलं. सहा आणि सोळा ही बेरीज करायला स्टॅटिस्टिक्स लागत नव्हतं.

संध्याकाळी किराणा दुकानाबाहेर गाडीत बसून त्याने रेणूला सगळं सांगितलं. तिने मांडीवरच्या कोथिंबिरीच्या पिशवीला गाठ मारली.

"पुसून टाक," ती म्हणाली.

"सगळंच पुसावं लागेल, रेणू. अर्धवट ठेवून चालणार नाही. कागदावरचं काम फाइलमधल्या कामाशी जुळायला हवं."

"मीच लिहायला लावलं ना. आता मीच सांगते. पुसून टाक."

ती रडली नाही. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्याला तिचा राग आला, स्वतःचा आला, आणि ज्याच्यावर राग काढावा असा माणूसच कुठे नाही याचा तर फारच आला. सगळे नियमाने आणि सभ्यपणे वागत होते, आणि तो मात्र कोंडला गेला होता.

गुरुवारी त्याने सात ओळी खोडल्या आणि एक लिहिली: पॅकेज इन्स्टॉल केलं. मग सर्व्हरवरच्या फाइलच्या डोक्यावर आपलं नाव होतं, तेही काढलं. डेनिसने नवा फॉर्म वाचला आणि काही न विचारता सही केली. बढतीचं नाव पुन्हा निघालं नाही.

मार्चमध्ये स्टॅटिस्टिशियनच्या त्या जागेवर आन्या आली. सव्वीस वर्षांची, इथेच जन्मलेली, आईवडील पुण्याचे. हुशार आणि साधी मुलगी. गुरुनाथ मराठी आहे म्हटल्यावर ती त्याला काका म्हणू लागली. दुसऱ्याच आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे आली.

"काका, ही फाइल कोणी लिहिली? इट्स ब्यूटिफुल. पॅटर्न्सवर ग्रुप केलंय. नाव नाहीये वर."

गुरुनाथने स्क्रीनकडे बघितलं. कोणीतरी, पहिल्यांदाच, त्याने काय केलं होतं ते पूर्ण समजून बोलत होतं.

"पॅकेजबरोबर आली असेल," तो म्हणाला.

आन्याने मग थेट प्राध्यापकालाच आभाराची मेल पाठवली. त्याचं उत्तर आलं की ही फाइल माझी नाही, पण माझ्यापेक्षा चांगली आहे, पुढच्या आवृत्तीत ती घालायला आवडेल, लिहिणाऱ्याचं नाव कळवा. आन्या पुन्हा आली. एवढं मोठं काम करून कोणी नाव कसं सोडेल, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. गुरुनाथ म्हणाला, मला माहीत नाही. डेनिसला सगळं माहीत होतं. तिने परवानगी मागितली तेव्हा त्याने खिडकीबाहेर बघत सांगितलं की फाइल नावाशिवाय पाठव.

जूनमध्ये नवी आवृत्ती आली. फोर्ट्रान गेलेलं, आता कुठल्याही सर्व्हरवर कंपायलरशिवाय बसेल अशी. आभाराच्या यादीत प्राध्यापकाचे तीन विद्यार्थी होते, आन्या होती आणि शेवटी ‘एक अनामिक’ होता. डेनिसकडून गुरुनाथला मेल आली: पॅकेज इन्स्टॉल करणे, आजच.

त्याने आज्ञा टाइप केली. काम मिनिटभरात झालं, एकही अडचण आली नाही. मग त्याने कामाच्या नोंदीत तारीख घातली, ‘इन्स्टॉल केलं’ असं लिहिलं आणि पुढे करणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती, तिथे पूर्ण नाव लिहिलं, गुरुनाथ वामनराव उमाठे.