बऽरं आणि बरंय

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला सगळे बरंमावशी म्हणायचे. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं. चहा कसा झालाय? बरा आहे. सून कशी आहे? बरी आहे. नातवाला शंभरात अठ्ठ्याण्णव पडले तेव्हाही, "बरे पडले."

पण ज्याला कान आहेत त्याला कळायचं, हे एकच बरं नव्हे. "बऽरं" असं लांबलं की समजावं, ऐकून घेतलंय, पटलेलं नाही. तोडून "बर" म्हणाली की विषय संपला, ऊठ आता. "बरं?" शेवटाला वर चढलं की आणखी सांग, मजा येतेय. आणि डोळे मिटून, जरा नाकातून, खालच्या सुरात येणारं "बरंय" सगळ्यांत वरचं. नात झाली तेव्हा ते निघालं होतं. एरवी ड्रायरमधून गरम चादर बाहेर आली की मावशी क्षणभर गाल टेकायची, तेव्हा.

चादरीचं दुसरं टोक ताशाकडे. तोंड सतत वाजतं म्हणून ताशा. बावीस वर्षं दोघी समोरासमोर. झटका द्यायचा, ताणायचं, पुढे यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुन्हा मागे. दिवसाला दोनशे चादरी. भांडण झालं तरी चादर थोडीच थांबते? पाच-सहा घड्या तोंड फुगवून व्हायच्या, मग नाकासमोर नाक आलं की एकीला फिस्सकन हसू यायचंच.

वर नव्या मॅडम आल्या होत्या. कर्मचारी आनंदात आहेत का, हे बघायचं त्यांचं काम. दर सोमवारी एक कागद यायचा. त्यावर पाच चेहरे, रडक्यापासून खिदळणाऱ्यापर्यंत. मधल्याखाली लिहिलेलं, "बरं." मावशीला वाटलं, आपल्यासाठीच छापलाय. आठ आठवडे तिनं तिथंच खूण केली. ताशा खिदळणाऱ्यावर करायची, न बघता.

नवव्या आठवड्यात मॅडम खाली आल्या. प्रत्येक वाक्य उशी थोपटल्यासारखं. "मावशी, तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलंय हं."

"मी काही बोललेच नाही."

"तेच ना. आठ आठवडे तुमचा आनंद अर्ध्यावर अडकलाय. म्हणून आम्ही ठरवलंय, सोमवारपासून तुम्ही चौथ्या मजल्यावर. खिडकीपाशी खुर्ची, टॉवेलांची नोंद ठेवायची. पगार तोच. कसं वाटतंय?"

मावशीनं ताशाकडे पाहिलं. तोंडातून नेहमीचंच निघालं, "बऽरं."

मॅडमचा चेहरा फुलला. 'मावशी हो म्हणाल्या' असं वहीत लिहून घेत त्या गेल्यासुद्धा.

"तू हो म्हणालीस?" ताशानं विचारलं.

"मी बऽरं म्हणाले."

"मला कळलं गं. तिला काय कळणार? तुझं बरं ऐकून तिला किती, दोन मिनिटं झालीत."

तीन दिवस घड्या वाकड्या पडल्या. चौथ्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या, खुर्चीचा रंग कोणता हवा ते विचारायला. मावशीनं घसा साफ केला. "मॅडम, मी इथं..." पुढचा शब्द सापडेना. "इथं बरी आहे."

"तेच तर आपल्याला बदलायचंय ना," मॅडम म्हणाल्या.

ताशानं आपलं टोक मॅडमच्या हातात कोंबलं. "धरा जरा. घसा सुकलाय माझा."

पहिल्याच झटक्याला मॅडम दोन पावलं ओढल्या गेल्या. "अंगठा आत घ्या," मावशी म्हणाली. दुसऱ्या चादरीला कोपरे चुकले. तिसरीला नाकासमोर नाक आलं, आणि मॅडमना हसू फुटलं. उशी थोपटणारं नव्हे, चांगलं खिंकाळल्यासारखं. चौथी ड्रायरमधून नुकती निघालेली. मावशीनं सवयीनं गाल टेकला, डोळे मिटले. "बरंय."

मॅडमचे हात थांबले. "मावशी, हे त्या दिवशीचं बरं नाही."

"त्या दिवशीचं असं होतं," दारातून ताशा म्हणाली. पाणीबिणी काही प्यायली नव्हती. मान तिरपी करून तिनं हुबेहूब काढलं, "बऽरं. म्हणजे नाही."

"मग सरळ नाही का म्हणाला नाहीत?"

"तुम्ही इतक्या मायेनं सांगत होता. तुम्हाला वाईट वाटलं असतं." मावशीनं चादर खाली ठेवली. "मला खिडकी नको. खिडकीतून रस्ता दिसेल. मला समोर ही दिसायला हवी. डोकं खाते, पण हीच."

ताशानं पुढे येऊन चादरीचं आपलं टोक उचललं.

मॅडमनी वहीतली खुर्ची खोडली. मग तिथंच चादरींच्या ढिगावर टेकून चेहऱ्यांचा कागद काढला. "पण मग येत्या सोमवारी मी काय समजू?"

मावशीनं पेन घेतलं आणि मधल्या चेहऱ्याचे उघडे डोळे दोन रेघांनी मिटवून टाकले.

मॅडम बघतच बसल्या. ड्रायर थांबल्याची घंटा वाजली.

"बर," मावशी म्हणाली. तोडून.

मॅडम लगेच उठल्या.