बारा एकेचाळीसची मंजुरी

मी ज्या छोट्या डच खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, नोकरीला होते तिथे बँकेतून पैसे बाहेर पडायला तीन माणसं लागत. देयकांची यादी मी तयार करून बँकेच्या पोर्टलवर चढवायची. पहिली मंजुरी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची, दुसरी आमच्या विभागप्रमुख बाईची. दोघांकडे आपापलं कार्ड आणि आपापला पिन. कार्ड छोट्या यंत्रात घालायचं, पिन दाबायचा, यंत्रावर उमटलेला आकडा संगणकात भरायचा. दर गुरुवारी दुपारी एकच्या आत हे झालं की त्या आठवड्याचे पैसे सुटले: शाळेच्या बसचे, रस्ते झाडणाऱ्यांचे, म्हाताऱ्यांना घरी मदत करणाऱ्या बायकांचे.

सहकारी साठी ओलांडलेले होते. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानेच हाक मारत, मीही मारायचे. मराठीत लिहिताना मात्र त्यांना ‘ते’ म्हटल्याशिवाय राहवत नाही. प्रमुख बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणून ती ‘ती’.

या नोकरीआधी मी पुण्यात एका सहकारी बँकेत बारा वर्षं काढली. तिथे याला आम्ही मेकर-चेकर म्हणायचो. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून सोडायची. प्रत्यक्षात साहेब चहाला गेले की त्यांचा पासवर्ड सगळ्या काउंटरला पाठ असे. मीही वापरलाय. समोर रांग असायची, गिऱ्हाईक ओरडत असायचं. मग एकदा चौकशी लागली आणि कुठली नोंद कोणाच्या हाताने सुटली हे कोणालाच सांगता येईना. माझं नाव त्यात आलं नाही, ते निव्वळ नशीब. तेव्हापासून मला एक सवय लागली. मंजुरी कोणाच्या नावावर आहे हे मी बघतेच, आणि तो माणूस त्या वेळी कुठे होता हेही बघते.

एका शुक्रवारी शाळेच्या बसवाल्या कंपनीतल्या एका बाईचा फोन आला. पैसे पोचले होते, पण सोबत करार क्रमांक नव्हता. तो हवा होता. मी नोंद उघडली. कंपनीचा खाते क्रमांक त्याच आठवड्यात बदललेला दिसला. खातं बदलायचं असलं तर आमचा नियम साधा होता: ईमेलवर विश्वास ठेवायचा नाही, जुन्या करारातल्या नंबरवर फोन करून खात्री करायची आणि ज्याने फोन केला त्याने आपली आद्याक्षरं टाकायची. आद्याक्षरं माझ्या शेजारच्या सहकाऱ्यांची होती.

“खातं बदललंत तेव्हा आमच्याकडून कोणी फोन केला होता का हो?” मी त्या बाईला विचारलं.

“नाही बाई. का? काही चुकलंय का?”

“नाही. पैसे बरोबर खात्यातच आलेत,” असं म्हणून मी फोन ठेवला आणि मंजुरीच्या वेळा काढल्या. पहिली मंजुरी बारा एकेचाळीस. दुसरी बारा बेचाळीस.

बारा एकेचाळीसला सहकारी माझ्याबरोबर कालव्याच्या काठाने चालत होते. इथे साडेबाराला डब्यातले ब्रेडचे तुकडे संपवून सगळं ऑफिस अर्धा तास फिरायला निघतं, वारा असो की रिमझिम. हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्यांना हे फिरणं सक्तीचं केलं होतं, त्यामुळे ते कधीच चुकवत नसत. त्या गुरुवारी मासळीच्या गाडीच्या टपावर एक बगळा बसला होता आणि त्यांच्या आग्रहावरून मी त्याचा फोटो काढला होता. फोनमध्ये बघितलं. फोटोची वेळ बारा चाळीस.

म्हणजे त्यांचं कार्ड दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात होतं. ऑफिसात त्या वेळी एकच माणूस असायचं. प्रमुख बाई फिरायला येत नसे, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं तिचं.

मंगळवारी फिरताना मी सरळ विचारलं.

“गेल्या गुरुवारची मंजुरी तू दिलीस ना?”

“मी नाही तर कोण देणार?”

“किती वाजता?”

“निघायच्या आधी. का गं, पोलिसात भरती झालीस की काय?”

“आणि कार्ड?”

त्यांनी कोटाच्या खिशावर थाप मारली. “जिथे असायला हवं तिथे.” आणि लगेच नातवाच्या पोहण्याच्या परीक्षेबद्दल बोलायला लागले.

दोन वर्षं या माणसाच्या शेजारी बसले होते. त्यांनीच मला डच कागदपत्रांची भाषा शिकवली होती. खोटं बोलताना त्यांची पावलं जरा भरभर पडत होती, एवढंच.

त्याच आठवड्याच्या शुक्रवारी प्रमुख बाईने मला खोलीत बोलावलं. माझा करार ऑक्टोबरात संपत होता. जूनमध्ये तिने मला सांगितलं होतं की कायम करायला अंदाजपत्रकात जागा नाही. आता टेबलावर कायम नोकरीचा करार छापून तयार होता.

“आनंद झालेला दिसत नाही तुला,” ती म्हणाली.

“जागा कुठून निघाली?”

“शोधली की सापडते. सोमवारपर्यंत सही करून दे.”

आम्ही जवळच्या रायस्वाइक गावात भाड्याने राहत होतो. घर घ्यायचं तर गृहकर्जाला माझा पगार धरला जाणं गरजेचं होतं, आणि तो धरायला मी कायम असणं. सल्लागाराची वेळही घेऊन ठेवली होती. शनिवारी सकाळी पोहे खाता खाता मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आयटीतला, त्याला क्रम लगेच सुचतो.

“अगं सोप्पंय. आधी सही कर. एकदा कायम झालीस की तुला काढणं अवघड. मग पाठव काय पाठवायची ती तक्रार.”

“आणि विचारलं की तुला हे कळलं कधी, तर?”

“कोण विचारणारे?”

“मी असते तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.”

“तू नाहीयेस ना पण तिथे! पैसे योग्य खात्यात गेले, कोणाचं काही गेलं नाही. उगाच सगळीकडे चोर दिसतात तुला.”

“चोर दिसत नाही, तीच तर अडचण आहे. उद्या आला तर त्याला यादी चढवणारी मी आणि दोन कार्डं घेऊन बसलेली एक बाई, एवढंच ओलांडायचंय.”

तो पोह्यांत लिंबू पिळत राहिला. “घर बघायचं सोडून दे मग,” म्हणाला. रागाने नाही. हिशेब मांडल्यासारखा.

मी दोन दिवस विचार केला तो स्वतःबद्दलच. बाईबद्दलचा माझा संशय खरा, की जूनमधल्या नकाराचा राग त्यात मिसळलाय? मंगळवारचं माझं विचारणं तिच्या कानावर गेलं म्हणून करार ही लाच, की खरंच जागा निघाली? कळायला मार्ग नव्हता. वेळा मात्र तशाच होत्या.

सोमवारी सकाळी मी वेळा, फोटो आणि बसवाल्या बाईशी झालेलं बोलणं असं सगळं पालिकेच्या कंट्रोलरला, म्हणजे व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, लिहून पाठवलं. मग सही न केलेला करार घेऊन बाईच्या खोलीत गेले.

“सही नाही केलीस?”

“आधी सांगते. कंट्रोलरना मेल गेलाय. बारा एकेचाळीसबद्दल. आता तुझी इच्छा असेल तर सही करते.”

 “मी पैसे खाल्ले असं वाटतं तुला?” ती म्हणाली.

“नाही. तू एकटीने सोडलेस असं वाटतं.”

“त्याला डॉक्टरने चालायला सांगितलंय. एकला बँकेची वेळ संपते, तू यादी चढवतेस सव्वाबाराला. मी म्हटलं, जा तू, मी दाबते. एवढंच आहे हे.”

सव्वाबारा खरं होतं. मी यादी लवकर चढवली असती तर त्यांना घाई पडली नसती. ते मी मेलमध्ये लिहिलं नव्हतं. टेबलावर परत येऊन दुसरा मेल पाठवला आणि तेही लिहिलं.

“आणि खात्रीचा फोन?” खोलीतून निघण्याआधी मी तिला विचारलं होतं. तिने करार पुढे ओढला आणि खणात ठेवला.

चौकशी रीतसर झाली. मला दोनदा बोलावलं. कार्डं बदलली, यादी आदल्या दिवशी चढवायचा नियम झाला, दोघांना लेखी समज मिळाली. खात्रीचा फोन कोणी केला नव्हता आणि ती आद्याक्षरं कोणी टाकली, हे दोघांनीही शेवटपर्यंत एकमेकांवर ढकललं. चौकशी संपेपर्यंत नव्या नेमणुका थांबवल्या आहेत, असं मला सांगितलं गेलं. चौकशी नोव्हेंबरात संपली, माझा करार ऑक्टोबरात. कोणी मला काढलं असं म्हणता येत नाही. कोणी ठेवलं असंही नाही. नवऱ्याने सल्लागाराची भेट रद्द केली.

इथे निरोपाचा केक जाणाऱ्यानेच आणायचा असतो. मी आणला. प्रमुख बाईला त्या दिवशी बाहेर मीटिंग होती. सहकारी सगळ्यात शेवटी आले आणि उभ्याउभ्याच एक तुकडा संपवला.

“मला आधी विचारायला हवं होतंस,” ते म्हणाले.

“विचारलं होतं. तू खिशावर थाप मारलीस.”

त्यांनी मान हलवली. “कुठे अर्ज करशील तेव्हा संदर्भासाठी माझा नंबर दे. तुझ्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.”

कदाचित नसतेही बोलले. मी नंबर लिहून घेतला, आभार मानले. पुढच्या आठवड्यात शेजारच्या पालिकेत अर्ज भरला तेव्हा त्या रकान्यात कंट्रोलरचं नाव टाकलं, आणि टाकण्याआधी त्याला स्वतः फोन करून विचारलं.