साठाच्या वरची घंटी

यंत्राची दया येणारा माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि ते माझे थोरले साडू निघावेत हे माझं भाग्य आणि त्यांचं दुर्दैव. एकोणीसशे नव्वदच्या पुढेमागे आम्ही दोघं होतो त्या ऑफिसात एक मोठा कॉम्प्युटर आणि त्याला तारांनी जोडलेली सहा टर्मिनलं आली. प्रोसेसरवरचा भार ठरवलेल्या टक्क्यांवर गेला की घंटी वाजवणारा एक प्रोग्रामही होता. तो आकडा ठरवणं साडूंकडे. सगळ्यांनी नव्वद सुचवला, त्यांनी साठ टाकला. "बैलानं जीभ बाहेर काढंपर्यंत वाट बघता का तुमी?" बोरीच्या शेतकरी घरातल्या साडूंनी विचारलं. घंटी वाजली की चहा तसाच ठेवून ते टर्मिनलं फिरत. "कोण दामटायलाय त्याला? दोघं जण जरा दम धरा." भार उतरला की यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवून ताप बघत. एकदा सेलूच्या लग्नात भर पंगतीतून उठले, का, तर "आज पगारपत्रकं निघायलेत, त्याच्याजवळ कुणी न्हाई."

दम धरणाऱ्या दोघांत रोज मी असायचोच. एका दुपारी ते जेवायला गेलेले पाहून मी साठाचे शंभर केले. शंभराच्या वर भार जाणारच नाही, म्हणजे घंटी वाजणारच नाही, हे गणितात पदवी घेतलेल्या मला कळलं नाही, असं म्हणायची सोय आहे. पण कळलं होतं.

"पाव्हणं, लय शांत हाय न्हाई दोन दिवसांपासून?"

"सुधारला असेल," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी यंत्र भाराखाली बंद पडलं आणि सहा जणांचं आठवड्याचं काम गेलं. घंटी कशी वाजली नाही, साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात साडू म्हणाले, "वाजली आसंल, सायेब. मलाच ऐकू आली न्हाई. कान गेले माझे."

मी उघडलेलं तोंड मिटलं आणि यंत्र सुरू होताच, कुणी तपासायच्या आत, पुन्हा साठ टाकला. डॉक्टरनं कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. साडूंना ते डॉक्टर कोवळे वाटले. त्यांनी स्वतःच अर्ज करून मागच्या रेकॉर्ड खोलीत बदली घेतली आणि तिथूनच निवृत्त झाले.

आता ते बोरीला असतात. दर वेळी मी सगळं सांगायचं ठरवूनच जातो. पण ही गोष्ट हळू आवाजात सांगायची, आणि ओट्यावर घरदार बसलेलं असताना ते कानामागे हात धरून म्हणतात, "मोठ्यानं बोला, पाव्हणं."

मग मी मोठ्यानं विचारतो, औंदा कापूस कसा आहे.