अळी न लागणारं वांगं

सापगावला नदीकाठी आमचं वांग्याचं वावर आहे. भात काढून झालं की दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि वहिनी तिथे वांगी लावायचे. मी शहापूरला शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळे घरात काहीही बिघडलं, पाण्याची मोटार असो नाहीतर आजारी कोंबडी, की मला बोलावणं यायचं. मोटार मला कधी जमली नाही. कोंबडी तर मेलीच. बोलावणं मात्र थांबलं नाही.

वांग्याला अळी लागते. ती फळात शिरून बसली की बाहेरून काही करता येत नाही, म्हणून शिरायच्या आतच तिला गाठायचं. म्हणजे दर दोन-चार दिवसांनी औषध मारायचं. दादाची कंबर धरलेली, तेव्हा फवारणीचा पंप वहिनीच्या पाठीवर. दोन हजार दहा साल जवळ आलं होतं, त्या सुमाराला तिच्या बोटांची सालं निघायला लागली आणि औषध मारलं की छाती घरघरायची. डॉक्टर म्हणाले, फवारणी बंद करा. फवारणी बंद म्हणजे वांगी बंद, आणि वांगी बंद म्हणजे भात ते भात आठ महिने काय करायचं, हे डॉक्टरांच्या विषयात येत नसावं.

त्याच दिवसांत पेपरात आलं की अळी न लागणारं वांगं तयार झालंय, सरकारची परवानगी तेवढी यायचीय. झालं, मला बोलावणं.

"मातीतल्या एका जंतूचा गुण काढून वांग्यात घातलाय," मी वर्गात सांगतात तसं सांगितलं. "अळीनं खाल्लं की अळी मरते."

"अन् आमी खाल्लं की?" वहिनी म्हणाली.

"माणसाला काही होत नाही म्हणतात."

"कोन बोलतात?"

"ज्यांनी बनवलं ते."

"म्हंजे सासूच सांगते माजी सून गुनाची," दादा म्हणाला. "जंतू घातलेला वांगा मी नाय खानार."

"आता खातास त्यात काय असतो ता मला इचार," वहिनी म्हणाली. "मीच मारते."

दादा उठून गोठ्यात गेला. मी जाणत्यासारखी मान हलवली. ती सवय शाळेतली.

पुढे शहापूरला या विषयावर सभा झाली. मी वहिनीला घेऊन गेलो. पहिला वक्ता म्हणाला की या बियाण्यानं देश भुकेतून सुटेल. दुसरा म्हणाला की बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागेल, शेजारच्या रानातल्या देशी वांग्यातही ते मिसळेल, आणि निसर्गात हात घालायचा अधिकार माणसाला दिला कोणी. दोघांचंही मला पटलं. माझं हे कायमचं दुखणं आहे. शेवटी मी उठून विचारलं, हे लावलं तर औषध किती कमी मारावं लागेल? पहिला म्हणाला, ते जागेवर अवलंबून आहे. दुसरा म्हणाला, निंबोळीचा अर्क वापरा. अर्क आम्ही दोन वर्षं मारला होता. अळ्या चांगल्या पोसल्या होत्या. वहिनी परत येताना रिक्षात नुसती बोटं चोळत राहिली.

पौषात म्हसा गावची बैलांची जत्रा आली. दादा बैल बघायला म्हणून गेला आणि बियाण्याच्या पुड्या घेऊन आला. घोंगड्यांच्या दुकानाशेजारी एकजण विकत होता. 'तेच नवीन वांगं, मागच्या दारानं आलंय' असं कानात सांगून. जंतूचं वांगं न खाणारा आमचा दादा. वहिनीची छाती त्याला ऐकू येत होती, हे तो सांगणार नव्हता.

आमच्याकडे बियाण्याची वांगी झाडावरच राखायची रीत. प्रत्येक ओळीतल्या चांगल्या फळाला चिंधी बांधायची आणि ते पिवळं होईस्तोवर कोणी हात लावायचा नाही. त्या वर्षी दादानं चिंध्या सोडल्या आणि जत्रेहून आलेल्या पाहुण्यांना त्या वांग्यांचं भरीत घातलं. नवीन बी आल्यावर जुनं कशाला? पाहुणे बोटं चाटत गेले.

रोपं टाकली, लावली. तेवढ्यात पेपरात आलं की ते वांगं सरकारनं थांबवलं, अजून तपासणी व्हायची आहे. मी दादाला सांगितलं की परवानगीच नाही तर बी आलं कुठून.

"मागच्या दारानं," तो म्हणाला.

वहिनीनं औषध बंद ठेवलं. महिनाभर तिची बोटं भरत आली, आणि बसून भाकरी थापताना ती गुणगुणायला लागली. त्या महिन्यात मला कोणी काही विचारलं नाही. मग वांगी धरली. पहिलंच चिरलं तर आत अळी, दुसऱ्यात दोन. जत्रेतलं बी कुठल्यातरी साध्याच वांग्याचं होतं. जुनं बी मागायला आम्ही वैशाखरे गावी बहिणीकडे गेलो. ते तिला पूर्वी आम्हीच दिलं होतं. तिनं दिलं, आणि चहाबरोबर टोमणेही दिले.

राहिलेलं पीक तरी हाती लागावं म्हणून वहिनीनं पंप धुवायला काढला.

"भाऊजी, ता वांगा थांबवला कशाला?" बादलीत काठीनं औषध ढवळत तिनं विचारलं.

"माणसांना त्रास होऊ नये म्हणून."

"कुठल्या?"

थांबवणाऱ्यांचं चुकलं असं मला आजही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, आणि बरोबर होतं असं त्या बादलीपाशी उभं राहून म्हणवत नव्हतं. मी तिच्याकडून पंप घेतला आणि पाठीला लावला. चार ओळी मारल्या. निम्मं औषध माझ्या विजारीवर, निम्मं वाऱ्यावर. वहिनी बांधावरून बघत होती. पाचव्या ओळीला ती आली आणि पट्टा माझ्या खांद्यावरून उतरवला.

"सोडा. पानाच्या खालती काय पोचलाच नाय."

पदर नाकाला बांधून तिनं पंप चढवला, आणि माझ्या चारही ओळी पहिल्यापासून परत मारायला घेतल्या.