चोवीसशेची प्लेट

“प्लेटावर काय लिहिलंय, ते मोटारीला वाचता येत न्हाई,” असं शिवगंगा एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाली आणि उदगीरच्या मोंढ्याच्या बाजारात ते वाक्य तिच्या नावानं चालू लागलं.

बावीस वर्षं ती विहिरीवरच्या मोटारी भरते. जळालेलं तांबं उपसायचं, वेढे मोजायचे, तितकेच वेढे नव्या तारेचे बसवायचे. नवरा रामलिंग मोटार विहिरीतून काढून आणतो आणि परत नेऊन सोडतो. मधलं सगळं हिचं. दुकानात बोलणं कमी. काळ्या पडलेल्या तारांचा ढीग पायाशी घेऊन ती बसते आणि कुठली मोटार कशानं मेली ते वासावरून सांगते.

मुलगी मंजुश्री लातूरला इंजिनिअरिंगला. गेल्या दिवाळीत तिनं रिमोटवर पळणाऱ्या गाडीची जळालेली मोटार घरी आणली. लिंबाएवढी. ब्रशलेस म्हणतात, आत घासणारे कार्बनचे ब्रश नसतात. शिवगंगानं ती उघडली, बाहेर आलेल्या तीन तारा बोटांवर घेतल्या आणि हसली.

“ही तर विहिरीतल्या मोटारीची नात हाय गं. तीच तीन टोकं.”

“पण अव्वा, हिच्यावर चोवीसशे वॅट लिहिलंय. म्हणजे तीन एचपीच्या वर.”

“एवढ्या तांब्यात तीन एचपी? निघंल, पण एकाच झटक्याला. दोन सेकंद. सलग चालवली की अशी काळी पडती.”

तशीच दुसरी मोटार घेऊन मंजुश्रीनं गाडी बांधली. मे महिन्यात कॉलेजात शर्यत होती. नियम एकच कडक होता: सलग ताकद हजार वॅटच्या आत. तपासणीला वैजनाथ सर बसले होते. त्यांनी मोटारीवरचा आकडा वाचला आणि गाडी बाजूला ठेवली.

“बाद.”

“सर, तो आकडा झटक्याचा आहे,” मंजुश्री म्हणाली.

“अगं, मी निलंग्याचा. आमच्या शेतात प्लेटावर तीन एचपी असतं आणि विहिरीत पाच. प्लेटावर कमीच लिहितात. तुझ्यावर चोवीसशे लिहिलंय, तर आत चार हजार असणार!”

सगळे हसले. या भागात वाढलेल्या माणसाला हे गणित शिकवावं लागत नाही. मीटरविना शेतपंपाचं बिल एचपीवर येतं, म्हणून प्लेटवरचा आकडा खाली उतरतो. सरांना शंकासुद्धा आली नाही. मंजुश्रीचे डोळे भरले. सहा महिने तिनं त्या गाडीवर घातले होते. तिनं उदगीरला फोन लावला. अडीच तासांनी शिवगंगा एसटीतून उतरून थेट हॉलमध्ये आली. कपाळावर विभूती, पिशवीत करंट मोजायचा मीटर.

पुढच्या खुर्चीत प्रमुख पाहुणे बसले होते. वीज कंपनीचे साहेब.

“सर, खेळण्याच्या प्लेटावर जास्त लिहितात,” शिवगंगा म्हणाली. “विकायला.”

“आणि विहिरीच्या प्लेटावर कमी. मग खरं कसं ओळखायचं, बाई? तुम्हाला काय ठाऊक?”

साहेबांच्या छातीवरचा बिल्ला तिनं पाहिला होता. मंजुश्रीकडे बघितलं. मग सरळ बोलली.

“ठाऊक हाय. उदगीरातल्या निम्म्या प्लेटा म्या ठोकल्यात. पाचाच्या मोटारीवर तीन. म्हणून सांगते, प्लेट वाचू नका, मोजा.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मावशी, साहेब ऐकायलेत!”

“ऐकू द्या की.”

तिनं गाडी दोरीनं खांबाला बांधली, चाकं फरशीवर. बॅटरीच्या तारेवर मीटर चढवला. “मंजू, पूर्ण दे.” चाकं जागच्या जागी घसरत फिरू लागली. शर्यतीच्या वाटेला लावलेल्या विटांतली एक शिवगंगानं गाडीवर ठेवली. आकडा चढला. दुसरी. अजून चढला. तिसऱ्या विटेला साडेतेरा व्होल्ट आणि पंचावन्न अँपिअरवर येऊन थांबला. मिनिटभर तिथंच राहिला. चौथी वीट ठेवली तेव्हा गाडीतल्या कंट्रोलरनं स्वतःच पुरवठा तोडला.

“गुणा, सर.”

वैजनाथ सरांनी मोबाईल काढला. “सातशे बेचाळीस.”

“ते बॅटरीतनं निघालेले. चाकावर त्याहून कमी, बाकीची गरमी. बघा.” तिनं सरांचं बोट धरून मोटारीवर टेकवलं. सरांनी पाच मोजेपर्यंत ठेवलं आणि झटकन ओढून घेतलं. “बॅटरी एवढीच देती, तार एवढीच नेती आन तांबं एवढंच सोसतं. ह्या तिघांत जो लहान, त्याचा आकडा खरा. चोवीसशे ह्या गाडीत कुठंच न्हाईत.”

सरांनी बोटावर फुंकर घातली, यादीतली लाल रेघ खोडली आणि मंजुश्रीच्या नावापुढं बरोबरची खूण केली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मंजुश्री विटा उतरवू लागली. बॅटरी बदलायला दहाच मिनिटं होती.

वीज कंपनीचे साहेब उठले. चेहऱ्यावर हसू, हातात माईक.

“बाई, फार छान समजावलंत. आता दोन शब्द बोला. उदगीरात एकूण किती प्लेटा ठोकल्या, आणि कुणाकुणाच्या?”

त्यांनी माईक तिच्यापुढं धरला. दोनशे माणसं तिच्याकडे बघत होती. निलंग्याचे वैजनाथ सर खाली बघत होते.

शिवगंगानं मीटरची वायर गुंडाळली, मीटर पिशवीत टाकला, पदर खांद्यावरून पुढं घेतला. माईकच्या बाजूनं वाट काढली आणि दारातून बाहेर पडली.