बोटभर माया

शिवणकाम करणारी काकू चाळिशी उलटल्यावर कॉलेजात जाऊ लागली. पहिल्याच रविवारी तिने आठवड्याचं वेळापत्रक आखलं: सकाळी तास, दुपारी मशीन, संध्याकाळी अभ्यास. मध्ये श्वास घ्यायलाही फट नाही. मंगळवारी एक गिऱ्हाईक कपडे आजच हवेत म्हणून हटूनच बसलं आणि बुधवारपर्यंत सगळ्याचा बट्ट्याबोळ झाला.

"कुणी सांगितले होते हे नसते उद्योग!" म्हणत काकूने शेजारणीचा घट्ट झालेला ड्रेस उसवायला घेतला. शिवणीच्या आत बोटभर जादा कापड होतं. उद्या अंग भरलं तर असू दे, म्हणून ही माया तिनेच सोडली होती. ती प्रत्येक कपड्यात सोडायचीच. काकूने कपाळावर हात मारला. "लोकांच्या कपड्यात माया सोडते आणि स्वतःच्या आठवड्यात तासभरही नाही!"

नव्या वेळापत्रकात गुरुवारची संध्याकाळ कोरी राहिली. त्या संध्याकाळी लेक दारात आली. "आई, कामात आहेस ना?" सवयीने विचारून, उत्तराची वाट न बघता ती मागे वळलीसुद्धा.

"अगं, पळतेस कुठे?" काकूने मशीन कापडाने झाकून ठेवलं. "ये, बस. बोल."